सातव्या मजल्यावर प्रेशर का येत नव्हतं: गच्चीवरची टाकी, लेव्हल पाईप आणि एक व्हॉल्व्ह

पुण्यातली सोसायटी आहे, खाली पार्किंग आणि वर सात मजले, एकच विंग. गच्चीवर आरसीसीची वीस हजार लिटरची टाकी, तिच्यातून अडीच इंची एक मेन लाईन निघते, ती गच्चीवर आडवी फिरते (प्लंबर तिला हेडर म्हणतात), आणि हेडरवरून प्रत्येक डक्टमध्ये (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत) एकेक डाऊनटेक, म्हणजे उभा पाईप, खाली उतरतो. तक्रार जुनीच होती. सकाळी सात ते साडेआठ सातव्या मजल्यावर शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकतं, सहाव्यावर बरं म्हणायचं, आणि पहिल्या मजल्यावरचे लोक म्हणतात आमच्याकडे तर सिंकमध्ये पाणी उडतं अंगावर, तुमचं काय चाललंय.

मीटिंगमध्ये तीन उपाय आले. एका काकांचं म्हणणं, टाकी लहान पडते, शेजारी अजून एक टाकी टाका, पाण्याचं वजन वाढलं की प्रेशर वाढणार. दुसरं म्हणणं, सगळे डाऊनटेक जाड करा. तिसरं, प्रेशर पंप बसवा आणि विषय संपवा. तिन्हींना खर्च होता आणि एकाकडेही मोजलेला आकडा नव्हता, म्हणून सेक्रेटरींनी म्हटलं की आधी कोणीतरी नीट मोजा, आणि ते काम आम्हा दोघा-तिघांकडे आलं. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण हाच वाद जवळपास प्रत्येक सोसायटीत होतो आणि तो मोजून मिटतो, आवाज चढवून मिटत नाही.

पहिल्यांदा उंच्या. दाब काढायला याशिवाय काहीच लागत नाही, लिटर नाही, पाईपचा साईज नाही, काही नाही. मजल्याची उंची तीन मीटर. सातव्या मजल्यावर वॉशिंग मशीनचा नळ फरशीपासून एक मीटरवर, म्हणजे गच्चीच्या दोन मीटर खाली. टाकीचा तळ गच्चीपासून १.२ मीटर वर (खाली छोटे कॉलम आहेत), आणि टाकी पूर्ण भरली की आत दीड मीटर पाणी. म्हणजे भरलेल्या टाकीतल्या पाण्याच्या वरच्या पातळीपासून त्या नळापर्यंत २ + १.२ + १.५ = ४.७ मीटर. पहिल्या मजल्यावरचा तसाच नळ सहा मजले खाली, म्हणजे अजून १८ मीटर, एकूण २२.७ मीटर.

आता हे प्लंबरच्या भाषेत करायचं तर दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो. किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर एक किलो वजनाएवढा जोर, गेजवर (दाब मोजायच्या काट्याच्या डायलवर) हेच छापलेलं असतं, आणि दुसऱ्या वर्तुळात बहुतेक पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) असतात, एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय. शाळेतलं सूत्र (घनता गुणिले जी गुणिले उंची) लावलं तरी तेच येतं, एक मीटरला साधारण ९.८ किलोपास्कल. तर सातव्यावर ०.४७ किलो, पहिल्यावर २.२७ किलो. हे आकडे सगळे नळ बंद असतानाचे, पाणी जागच्या जागी उभं असतानाचे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या प्लंबरभाऊंनी आधीच एकदा गेज लावून बघितलं होतं. पहिल्या मजल्यावर काटा सव्वादोनच्या आसपास, आणि सातव्यावर काटा पिनेवरून जेमतेम उठला. त्यांनी निष्कर्ष काढला, "वर प्रेशरच नाही साहेब, टाकीच छोटी आहे." गेज त्यांचं ० ते १० किलोचं, बाजारात सगळ्यात सहज मिळणारं. आता गोम इथे आहे. या गेजच्या आत चपटी केलेली, वाकवलेली पितळी नळी असते, आत दाब आला की ती थोडीशी सरळ व्हायला बघते आणि तिचं टोक दातेरी चाकामार्फत काटा फिरवतं. फ्रान्सच्या युजीन बूर्दोंने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि आजही पंपरूमपासून बॉयलरपर्यंत तेच चालतं, यंत्र उत्तम आहे. पण गेजची चूक ही पूर्ण डायलच्या टक्क्यात सांगतात. १.६ टक्के वर्गाचं गेज असलं तर दहा किलोच्या डायलवर ०.१६ किलो इकडेतिकडे होणारच. २.२७ मोजताना ते चालून जातं. ०.४७ मोजताना ०.१६ म्हणजे तिसरा हिस्सा गेला! शिवाय बऱ्याच गेजमध्ये शून्याजवळ पिन असते, काटा तिच्यावर टेकलेला असतो, त्यामुळे गेज शून्यावर आहे की शून्याच्या थोडं खाली बिघडलंय हे कळतच नाही. म्हणजे सातव्या मजल्यावरचं ते रीडिंग वाईट नव्हतं, ते रीडिंगच नव्हतं.

(आणि गेज जे दाखवतं ते हवेच्या दाबाच्या वरचं असतं, हेही अनेकांच्या डोक्यात नसतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-साठ मीटरवर, इथे हवेचाच दाब किलोच्या जरा खाली असतो, साधारण ०.९७. तो टाकीतल्या पाण्यावरही आहे आणि नळाच्या तोंडावरही आहे, म्हणून आपल्या हिशोबात दोन्हीकडून कटतो.)

मग कमी दाब मोजायचा कशाने? कमी रेंजचं गेज मिळतं पण महाग, आणि गरज नव्हती. गवंडी लोक लेव्हल काढायला जी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी वापरतात ती हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. दहा मीटर घेतली. एक टोक सातव्या मजल्याच्या वॉशिंग मशीनच्या नळाला क्लिप लावून घट्ट, आणि दुसरं टोक डक्टच्या खिडकीतून वर गच्चीवर, टाकीच्या भिंतीला लागून उभं बांधलं. नळ उघडला. पाणी नळीतून वर चढलं, थोडं वरखाली झालं आणि थांबलं. टाकीच्या झाकणाच्या काठापासून आत पाणी किती खाली ते टेपने मोजलं, बाहेर नळीतलं पाणी त्याच काठापासून किती खाली ते मोजलं. दोन्ही एकच, बोटभर पण फरक नाही.

ही दुपारची गोष्ट, सगळे नळ शांत असतानाची. एवढ्या एका प्रयोगात मीटिंगमधला अर्धा वाद संपला खरं तर, कारण नळीतलं पाणी टाकीच्या पातळीपर्यंत आलं याचा अर्थ सातव्या मजल्याला उंचीने जेवढा दाब मिळायला हवा तेवढा पूर्ण मिळतोय, चार पॉईंट सात मीटरचा पूर्ण. टाकीने आपलं काम केलेलं आहे.

नळी वापरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. बुडबुडे. नळीत हवेचा लांब बुडबुडा अडकला की तेवढ्या उंचीला पाण्याचं वजन नाही, मग वरची पातळी तेवढीच खोटी वर दिसते. गवंडी नळीला टिचक्या मारत असतात ना, ते यासाठी. दुसरं म्हणजे फार बारीक नळी घेऊ नका, आठ मिलिमीटरच्या नळीत पाणी काठाला धरून फार तर तीन-चार मिलिमीटर वर चढतं, आपल्याला त्याने काही फरक पडत नाही पण अजून बारीक घेतली तर पडायला लागेल. आमच्याकडे दोन्ही होत्या, बारा मिलिमीटरची काढून आठची लावली, आणि पाणी तिथेच येऊन थांबलं. हे मुद्दाम केलं, कारण काका बाजूला उभे होते आणि त्यांचा मुद्दा होता की जाड पाईपात जास्त पाणी म्हणजे जास्त जोर.

काकांचा मुद्दा टवाळी करण्यासारखा नाहीये, भल्याभल्यांना तो पटत नाही. टाकीत वीस हजार लिटर म्हणजे वीस टन पाणी आहे, मग ते सगळं पाईपवर का नाही येत? तर टाकीचा तळ सुमारे १३.३ चौरस मीटर आहे आणि वीस टन त्या सगळ्या तळावर पसरलेले आहेत. अडीच इंची पाईपच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस सेंटीमीटर. त्याच्या वाट्याला येतो त्याच्यापुरता दीड मीटरचा खांब, ३३ गुणिले १५०, म्हणजे जेमतेम पाच किलो. बाकीचे एकोणीस टन नऊशे पंच्याण्णव किलो खालच्या स्लॅबने आणि कॉलमने उचललेत. शेजारी दुसरी टाकी टाकली तर तिचं वजन तिच्या स्लॅबवर, आणि पातळी तीच राहिली की पाईपच्या तोंडावर तेच पाच किलो. सिमॉन स्टेव्हिन नावाच्या गणितज्ञाने हे १५८६ मध्ये डच भाषेत लिहून ठेवलंय, की भांड्याचा आकार कसाही असो, तळावरचा दाब वरच्या उंचीवरच ठरतो, आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचं या विषयावरचं लिखाण तो गेल्यावर १६६३ मध्ये छापलं गेलं त्यात पण हेच वेगवेगळ्या आकाराच्या भांड्यांनी दाखवलंय. म्हणजे काकांची शंका चारशे वर्षं जुनी आहे.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने सांगायला हवी. मोठी टाकी असली तर सकाळच्या वापरात पातळी हळू उतरते, त्यामुळे दाब थोडा टिकतो. पण आमच्या टाकीत पाणी अगदी तळाला गेलं तरी दीड मीटरच जाणार, आणि सकाळी खालचा पंप चालू असतो त्यामुळे तेवढंही जात नाही. ठिबकणाऱ्या शॉवरचं उत्तर त्यात नव्हतं.

मग पाणी उभं असताना सगळं बरोबर आहे आणि तरी सकाळी शॉवर ठिबकतो, हे कसं? इथे खरा तपास सुरू होतो. पाणी थांबलेलं असताना पाईप बारीक असो, गंजलेला असो, व्हॉल्व्ह अर्धा बंद असो, दाब तोच दिसणार, कारण घर्षण वाहत्या पाण्याला असतं, उभ्या पाण्याला नसतं. म्हणून उभ्या पाण्याचं रीडिंग हे पायाचं रीडिंग, आणि वाहताना पातळी त्याच्या किती खाली येते तो मधल्या रस्त्यातला तोटा. प्लंबरकडून गेज लावून घेताना बहुतेक जण एकच रीडिंग घेतात, तेही कधी नळ चालू कधी बंद, आणि मग त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

नळी तशीच ठेवून सकाळी साडेसातला बघितलं. टाकीत त्या वेळी १.३ मीटर पाणी होतं, म्हणजे नळापर्यंत ४.५ मीटर. गच्चीवर नळीत पाणी दिसेनाच. खाली शोधत गेलो तर ते डक्टमध्ये, जवळपास गच्चीच्या फरशीच्या पातळीला डुलत होतं, टाकीच्या पातळीच्या साधारण अडीच मीटर खाली. कोणी फ्लश केलं की अजून खाली, थांबलं की वर. म्हणजे साडेचारातले अडीच वाटेत गेले, नळाला उरले दोन. आणि शॉवर नळापेक्षा मीटरभर वर असतो, हे विसरायचं नाही! शॉवरला उरला एक मीटर. ०.१ किलो. ठिबकणार नाही तर काय करणार.

अडीच मीटर कुठे गेले हे शोधायला दुसरी नळी हेडरवर लावली. हेडरच्या टोकाला प्लग होता, तो काढून निपल (नळी जोडायचा छोटा तुकडा) बसवला आणि नळी टाकीच्या बाजूला उभी केली. दुपारी दोन्ही नळ्या टाकीच्या पातळीला. दुसऱ्या सकाळी हेडरवरच्या नळीत पाणी टाकीच्या पातळीपेक्षा १.९ मीटर खाली. म्हणजे अडीचमधले १.९ मीटर टाकी ते हेडर या मधल्या दोन-अडीच मीटरच्या तुकड्यातच गेले आणि खालच्या सगळ्या उभ्या पाईपात आणि फ्लॅटच्या आतल्या लाईनीत मिळून फक्त ०.६. त्या तुकड्यात आहे काय? एक मेन गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाक फिरवून आतली पट्टी (गेट) वरखाली करणारा. त्याचं चाक पूर्ण उघडं फिरत होतं, म्हणून आजवर कोणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. प्लंबरभाऊंनी टाकी रिकामी करून तो काढला तर स्पिंडल (चाकाचा दांडा) नुसता फिरत होता आणि आतलं गेट गंजाने अर्ध्यावर अडकलेलं.

आता मीटिंगमधलं कोडं, की एकाच व्हॉल्व्हने सगळी इमारत अडते तर फक्त सातव्यालाच का त्रास. हा मुद्दा मला या प्रकरणातला सगळ्यात चांगला वाटतो. तोटा सगळ्यांना सारखाच आहे, १.९ मीटर. सातव्याच्या नळाकडे मुळात साडेचार, त्यातले १.९ गेले म्हणजे बेचाळीस टक्के. पहिल्याकडे साडेबावीस, त्यातले १.९ गेले म्हणजे आठ-साडेआठ टक्के, त्यांना पत्ताही लागत नाही. पन्नास हजार पगाराच्या घरात आणि पाच हजाराच्या घरात एकाच रकमेचं बिल आल्यासारखं ते आहे. म्हणून "खाली तर मस्त येतंय, म्हणजे टाकीकडून येणारी लाईन ठीक आहे" हा जो तर्क सगळे करतात तो साफ चुकीचा आहे. टाकीजवळचा दोष नेहमी वरच्या मजल्यावरच दिसतो, कारण तिथे गमवायला कमी असतं.

गेट व्हॉल्व्हच्या जागी त्याच साईजचा फुल बोअर (आतलं भोक पाईपएवढंच असलेला) बॉल व्हॉल्व्ह बसवला. बॉल व्हॉल्व्हचा फायदा असा की हँडल पाईपच्या दिशेत आहे की आडवं यावरून आत काय स्थिती आहे ते बाहेरून दिसतं. (पण तो एकदम बंद करू नका, हळू करा, नाहीतर लाईनला धक्का बसतो.) नंतर सकाळी तीच दोन रीडिंग घेतली. टाकी ते हेडर तोटा वीस सेंटीमीटरच्या आसपास. हेडरच्या खालचा तोटा मात्र ०.६ वरून ०.८ झाला! हे बघून एकाने विचारलं की काही बिघडवलं का. नाही, पाणी आता जास्त वाहतंय, आणि वाहणं वाढलं की तोटा त्याच्या वर्गाच्या आसपास वाढतो, तर थोडा वाढणारच. एकूण तोटा एक मीटर. नळाला उरले साडेतीन, शॉवरला अडीच. आधी एक होते, आता अडीच, आणि तोंडातून निघणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाने वाढतं, त्यामुळे शॉवरचं पाणी अंदाजे दीडपट झालं, अडीचपट नाही. सातव्या मजल्यावरच्या लोकांनी पण "आधीपेक्षा बरंच बरं" असंच सांगितलं, "जबरदस्त" असं नाही, आणि ते बरोबरच आहे.

कारण इथून पुढे भिंत आहे. टाकीची पातळी आणि शॉवरचं तोंड यात भरलेल्या टाकीला ३.७ मीटर अंतर, ०.३७ किलो, याच्यावर एक ग्रॅम पण कुठल्याही पाईपने, व्हॉल्व्हने, टाकीने मिळणार नाही. डाऊनटेक सगळे जाड केले असते तर फार तर ते ०.८ वाचले असते, तेही पूर्ण नाही, आणि त्यासाठी प्रत्येक बाथरूमची टाईल फुटली असती. ज्यांनी मोठा छत्रीसारखा रेन शॉवर बसवलाय त्यांना तो कॅटलॉगमधल्यासारखा चालणारच नाही, बरेचसे तसले शॉवर एक किलोच्या आसपास दाब धरून बनवलेले असतात. टाकी दीड मीटर उचलली तर ०.१५ किलो वाढेल, पण वीस टन पाणी उचलायचं म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय त्याचं नावही काढू नये.

मधेच एक सूचना आली होती की पावसाळ्यात पंपरूममध्ये पाणी शिरतं तर वर चढवणारा पंपच गच्चीवर बसवू आणि खालून पाणी ओढू. पंप पाणी ओढत नाही, तो हवा कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते, आणि पुण्याच्या हवेत तेवढा जोर साडेनऊ-पावणेदहा मीटरपुरताच आहे, प्रत्यक्षात सात-आठ धरायचे. वीस मीटरच्याही वर बसून कितीही एचपीचा पंप कोरडाच फिरेल. पंप खालीच राहणार, फक्त त्याचा कट्टा उंच करायचा.

शेवटी कमिटीने ठरवलं ते असं. दुसरी टाकी रद्द, डाऊनटेक बदलणं रद्द. सहाव्या-सातव्या मजल्यासाठी हेडरवरून वेगळी लाईन काढून तिच्यावर एक छोटा प्रेशर पंप, आणि लाईट गेली तरी पाणी आपोआप खाली येत राहावं म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारा) असलेला बायपास, म्हणजे पंपाला वळसा घालणारा पाईप. खालच्या पाच मजल्यांना पंप लावायचा नाही, त्यांना उंचीनेच पुरेसं मिळतं आणि वर अजून दाब दिला तर गीझरचे आणि फ्लश टाकीचे व्हॉल्व्ह गळायला लागतील. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा की फक्त वरच्या दोन मजल्यांनी, यावर मात्र अजून मीटिंग चालू आहेत. हेडरवरचं निपल तसंच ठेवलंय, एक कॉक लावून, म्हणजे पुढच्या वेळी कोणी "प्रेशर नाही" म्हटलं की नळी जोडून एकदा दुपारी आणि एकदा सकाळी बघायचं.